चिठ्ठी म्हाडाची, करार बिल्डरशी : २० टक्क्यांतल्या घराचा अर्ज कसा करावा

सोडतीत नाव लागलं तेव्हा मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, "म्हाडाचं घर लागलं!" महिन्याभराने एका बिल्डरच्या सेल्स ऑफिसात, काचेच्या टेबलापाशी बसलो तेव्हा कळलं की घर म्हाडाचं नाहीच. घर बिल्डरचं, जागा बिल्डरची, करारही बिल्डरशीच. म्हाडाने फक्त चिठ्ठी काढून माझं नाव त्यांच्या हातात दिलं होतं. एवढी एक गोष्ट आधी ठाऊक असती तरी माझे दोन-तीन महिने आणि बरीच चिडचिड वाचली असती.

पुणे मंडळाच्या सोडतीत मला तिसऱ्या अर्जाला घर लागलं. पहिले दोन अर्ज कसे वाया गेले तेही पुढे येईलच. जाहिरातीत ज्याला '२० टक्के सर्वसमावेशक गृहनिर्माण योजना' म्हणतात, त्याच घरांबद्दल हा लेख आहे. म्हाडाने स्वतः बांधलेल्या वसाहतीतल्या घरांची वाट थोडी वेगळी असते.

१. घर येतं कुठून, ते आधी समजून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात. पण पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ इथेच असतं, म्हणून जरा थांबा.

मोठा भूखंड विकसित करणाऱ्याने काही घरं कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी बांधलीच पाहिजेत, हा नियम राज्य सरकारने नोव्हेंबर २०१३मध्ये आणला. आज तो राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे बिल्डर आणि आर्किटेक्ट ज्याला 'यूडीसीपीआर' म्हणतात त्या डिसेंबर २०२०च्या नियमावलीत आहे. १० लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांमध्ये ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर निवासी प्रकल्प असेल, तर मूळ एफएसआयच्या, म्हणजे भूखंडाच्या आकाराच्या पटीत मिळणाऱ्या मूळ बांधकाम परवानगीच्या, किमान २० टक्के इतकं बांधकाम छोट्या घरांचं करावं लागतं. ही घरं साधारण ३० ते ५० चौरस मीटरची असतात आणि अत्यल्प व अल्प उत्पन्न गटांसाठी असतात. पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, ठाणे, नागपूर ही शहरं यात येतात. इमारतीऐवजी प्लॉट पाडून विकायचे असतील, तर त्यातलेही २० टक्के क्षेत्र छोट्या प्लॉटसाठी राखावं लागतं.

एक ढोबळ हिशेब करू. भूखंड ५,००० चौरस मीटरचा आणि मूळ एफएसआय १.१ धरा. रस्तारुंदीची वगैरे वजाबाकी सोडून देऊ. बांधकाम झालं ५,५०० चौरस मीटर, त्याचे २० टक्के म्हणजे १,१००. घरं किती? आकारानुसार २२ ते ३६.

आता त्याच भूखंडावर टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेले बांधकाम हक्क) आणि प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) घेऊन दोन-तीन टॉवर उभे राहतात, शेकड्यांनी फ्लॅट होतात. छोटी घरं मात्र तेवढीच, कारण २० टक्के मोजायचे ते मूळ एफएसआयवर. 'दर पाच फ्लॅटमागे एक आपला' हा समज म्हणूनच चुकीचा आहे. मीही त्याच समजात होतो.

बिल्डर यात उपकार करत नाही, हेही लक्षात असू द्या. या छोट्या घरांचं बांधकाम त्याच्या एफएसआयमध्ये धरलं जात नाही, म्हणजे विक्रीसाठीचा त्याचा एफएसआय शाबूत राहतो. शिवाय या घरांना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळाल्याशिवाय उरलेल्या प्रकल्पाला ओसी देता येत नाही. पुढे बिल्डरशी बोलताना हे ठाऊक असलं की आवाजात फरक पडतो.

आणि घर स्वस्त का? कारण किंमत बाजारभावावर ठरत नाही. रेडी रेकनरमधला, म्हणजे सरकारच्या वार्षिक दरपत्रकातला, बांधकामाचा दर, त्यावर ठरावीक टक्के, बस. जमिनीचा भाव त्यात धरलेला नसतो. पिंपरी-चिंचवडमधल्या वाकड-पुनावळ्यासारख्या भागात घराच्या किमतीत जमिनीचाच वाटा मोठा असतो, म्हणून एकाच फाटकाच्या आत दोन किमतींमध्ये एवढी दरी दिसते.

ही घरं बहुतेक वेळा त्याच भूखंडावर, पण वेगळ्या इमारतीत असतात. जाहिरातीतलं प्रकल्पाचं चकचकीत चित्र पाहून भुलू नका. आपली इमारत कोणती, ते आराखड्यात शोधायचं. कसं, ते पाचव्या पायरीत.

२. आपण बसतो का, ते पाहा

अटी थोड्या आहेत, पण एकही हुकली तर सगळं फुकट.

वय १८ पूर्ण हवं. महाराष्ट्रातला १५ वर्षांचा रहिवास डोमिसाइल प्रमाणपत्राने दाखवता यायला हवा. ज्या महापालिकेच्या हद्दीत घर आहे तिथे तुमच्या, पती किंवा पत्नीच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावावर घर नको. गावाकडचं वडिलोपार्जित घर या अटीत अडत नाही. मात्र आठव्या पायरीत सांगितलेल्या केंद्राच्या अनुदानाला ते अडू शकतं.

उत्पन्नाची अट मे २०२२मध्ये बदलली. मुंबई, पुणे आणि नागपूर महानगर प्रदेशांत वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट आणि ६ ते ९ लाख अल्प गट. राज्याच्या इतर भागांत हेच आकडे ४.५ लाख आणि ४.५ ते ७.५ लाख असे आहेत. तुमच्या शहराला कोणता तक्ता लागतो ते त्या-त्या सोडतीच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. जुन्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डमधला महिना २५ हजारांचा आकडा विसरून जा.

उत्पन्न मोजायचं ते पती आणि पत्नी दोघांचं मिळून. आईवडिलांचं, भावाचं धरायचं नाही. माझ्या पहिल्या अर्जात मी वडिलांचं पेन्शन 'कुटुंबाचं उत्पन्न' म्हणून जोडलं आणि वरच्या गटात जाऊन बसलो. त्या गटाचं घर परवडणारं नव्हतंच. आपल्या गटापेक्षा वरच्या गटातल्या घरासाठी अर्ज चालतो, खालच्या गटासाठी चालत नाही.

३. कागद आधी जमवा, जाहिरातीची वाट पाहू नका

जानेवारी २०२३पासून म्हाडाची अर्जप्रणाली बदलली. पूर्वी घर लागल्यावर कागद तपासले जायचे, आता कागद तपासून पात्र ठरल्यावरच सोडतीत भाग घेता येतो. जाहिरात आल्यावर तहसील कार्यालयात धावणाऱ्यांची मुदत म्हणूनच निघून जाते. माझा दुसरा अर्ज असाच बुडाला: डोमिसाइल हातात आलं तेव्हा अर्जाची तारीख उलटून चार दिवस झाले होते.

लागणारे कागद:

– आधार कार्ड आणि पॅन कार्ड, विवाहित असाल तर दोघांचंही
– आधारशी जोडलेला, चालू असलेला मोबाइल नंबर
– डोमिसाइल प्रमाणपत्र, १ जानेवारी २०१८नंतर काढलेलं, बारकोड असलेलं
– उत्पन्नाचा पुरावा : आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
– आरक्षित प्रवर्गातून अर्ज असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, किंवा त्या प्रवर्गाचा संबंधित दाखला
– घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा
– रद्द केलेला चेक किंवा पासबुक, अनामत परत येण्यासाठी

यादी छोटी दिसते. अडकवणाऱ्या जागा मात्र तीन आहेत.

पहिली, डोमिसाइल. शाळेच्या वेळी काढलेलं, प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेलं जुनं डोमिसाइल चालत नाही. 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून नवं काढा. शाळा सोडल्याचा दाखला आणि रहिवासाचे जुने पुरावे लागतील.

दुसरी, वर्ष. उत्पन्न धरायचं ते आधीच्या आर्थिक वर्षाचं. आयकर विवरणपत्रावर मात्र ठळक अक्षरांत छापलेलं असतं ते आकारणी वर्ष, आणि ते एकने पुढे असतं. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५चं उत्पन्न दाखवायचं असेल तर आकारणी वर्ष २०२५-२६चं विवरणपत्र लागतं. हा घोळ इतका नेहमीचा आहे की चुकीच्या वर्षाचा कागद लावणारे आमच्या एका ऑफिसातच तिघं निघाले.

तिसरी, नाव. आधारवर लग्नानंतरचं नाव, पॅनवर माहेरचं, डोमिसाइलवर मधलं नाव गायब. तपासणारी यंत्रणा संगणकीय असल्याने 'अहो, ती एकच बाई आहे' हे तिला कळत नाही. सोडतीच्या किमान दोन महिने आधी सगळीकडे नाव एकसारखं करून घ्या. माझ्या पत्नीच्या पॅनची दुरुस्ती सगळ्यांत लवकर झाली. आधारमधल्या आडनावासाठी मात्र राजपत्रापर्यंत जाऊन आलो.

४. नोंदणी करून ठेवा

नोंदणी म्हणजे अर्ज नव्हे. नोंदणी वर्षभर कधीही करता येते, तिला अनामत लागत नाही. म्हाडाच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर जा, आधार क्रमांक आणि ओटीपीने प्रोफाइल तयार करा, कागद चढवा आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत मधूनमधून पाहत राहा. एखादा कागद नाकारला गेला तर कारण तिथेच दिसतं.

संकेतस्थळाचा पत्ता नीट वाचा. म्हाडाच्या खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असाच असतो. हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळं निघाली आहेत आणि लोकांनी त्यावर पैसेही भरले आहेत. 'साहेबांशी ओळख आहे, २० टक्क्यांतला फ्लॅट काढून देतो' म्हणणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा. म्हाडाने एकही दलाल नेमलेला नाही.

५. जाहिरात वाचा, संकेत क्रमांक निवडा

खरी मेहनत इथे आहे, आणि लोक इथेच सगळ्यांत कमी वेळ देतात.

प्रत्येक मंडळाची सोडत वेगळी निघते : मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. ठाणे, कल्याण, वसई, नवी मुंबई हा भाग कोकण मंडळात येतो, ही गोष्ट नव्या माणसाच्या लक्षात येत नाही आणि तो मुंबई मंडळाच्या यादीत ठाण्याचं घर शोधत बसतो. कोकण मंडळाच्या ऑक्टोबर २०२५च्या सोडतीत ५,२८५ सदनिका होत्या. त्यातल्या ५६५ या २० टक्के योजनेच्या आणि ३,००२ या १५ टक्के एकात्मिक शहर योजनेच्या होत्या. ही १५ टक्क्यांची योजना म्हणजे मोठ्या टाउनशिप प्रकल्पांवर घातलेली अशीच अट. उरलेली घरं प्रामुख्याने म्हाडाची स्वतःची. एकाच जाहिरातीत हे सगळे प्रकार शेजारीशेजारी छापलेले असतात, म्हणून आपण कोणत्या प्रकारात अर्ज करतो आहोत ते वरच्या मथळ्यात पाहायचं.

प्रत्येक प्रकल्पाला एक संकेत क्रमांक असतो. अर्ज त्या संकेताला जातो. तक्त्यात घरांची एकूण संख्या दिसते, पण तुमच्या कामाचा आकडा तो नाही. त्या घरांची वाटणी प्रवर्गांत झालेली असते : अनुसूचित जाती ११ टक्के, अनुसूचित जमाती ६ टक्के, पत्रकार, माजी सैनिक, राज्य सरकारी कर्मचारी, कलाकार वगैरे. आजी-माजी आमदार-खासदारांसाठीही २ टक्के आहेत. अत्यल्प उत्पन्न गटात बसणारा आमदार मला अजून भेटायचा आहे, पण रकाना आहे खरा. सर्वसाधारण प्रवर्गाला साधारण निम्मी घरं येतात. म्हणजे १२ घरांच्या संकेतात तुमच्यासाठी खुली घरं सहाच्या आसपास. ती सोडतीच्या जाहिरातीत प्रवर्गनिहाय मोजूनच अर्ज करा.

आता संकेत निवडण्याबद्दल माझं मत. लोक नावाजलेल्या बिल्डरच्या, मेट्रोजवळच्या संकेतावर तुटून पडतात. मी जास्त घरांचे, थोडे आतले, नावाने कमी ओळखले जाणारे संकेत निवडले. सोडत ही शेवटी सोडतच, पण एका घरामागे किती अर्जदार आहेत यावर तुमची शक्यता ठरते.

संकेत ठरवण्याआधी ही चार कामं करा.

एक, महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प शोधा. जाहिरातीत नोंदणी क्रमांक नसेल तर प्रकल्पाच्या नावाने शोधा. पूर्ण होण्याची तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली आणि बिल्डरवरच्या तक्रारी तिथे दिसतात.

दोन, तिथेच मंजूर आराखडा उघडा. २० टक्क्यांची इमारत आराखड्यात वेगळ्या नावाने दाखवलेली असते. ती मुख्य रस्त्याला आहे की मागे, लिफ्ट किती, पार्किंग आहे का, ते बघा.

तीन, प्रत्यक्ष जा. रविवारी नको, कामाच्या दिवशी जा. रविवारी सेल्सची माणसं बोलतात आणि साइट बंद असते. सुरक्षारक्षकाला 'म्हाडाची बिल्डिंग कुठली?' विचारलं की तो बरोबर बोट दाखवतो.

चार, बांधकाम कुठवर आलंय ते टिपून ठेवा. पुढच्या पायरीसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

६. पैशांचं गणित अर्जाआधी मांडा

जाहिरातीतली किंमत म्हणजे तुमच्या खिशातून जाणारी रक्कम नव्हे. त्यावर मुद्रांक शुल्क येतं. पुण्यासारख्या शहरात ते ७ टक्के आहे, घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत मिळते. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. बांधकाम चालू असेल तर परवडणाऱ्या घरावर १ टक्का जीएसटी, ओसी मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क करारातल्या किमतीवर की रेडी रेकनरच्या किमतीवर लागणार, हे करार ठरण्याआधीच सब रजिस्ट्रार कार्यालयात मूल्यांकन करून विचारून घ्या. फरक मोठा पडू शकतो.

मग हप्ता. २० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं : महिन्याचा हप्ता साधारण १७,३५० रुपये. वर्षाला ६ लाख म्हणजे महिना ५० हजार मिळवणाऱ्या घराला हा हप्ता झेपू शकतो. पण वर्षाला ३ लाख मिळवणारा माणूसही याच अत्यल्प गटात असतो. त्याच्या हातात महिना २५ हजार, बँक एवढं कर्ज देणारच नाही. गटात बसणं आणि घर परवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही योजना पहिलीचीच खात्री देते. नाव लागून पैशांअभावी घर सोडणारे लोक मी पाहिलेत, आणि ते पाहणं फार वाईट असतं.

बांधकामाचा टप्पा इथे कामाला येतो. पाया चालू असेल तर हप्ते टप्प्याटप्प्याने येतील, पण तोवर घरभाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही सोसायचं. इमारत तयार असेल तर जवळजवळ सगळी रक्कम थोड्या आठवड्यांत उभी करायची. दोन्हीतलं काय जमेल, ते घरात बसून आधीच ठरवा.

७. अर्ज भरा, सोडतीची वाट पाहा

यात सांगण्यासारखं फार नाही. अर्जाची फी ५९० रुपये आहे, ती परत मिळत नाही. अनामत रक्कम मंडळानुसार आणि गटानुसार बदलते, नाव न लागल्यास खात्यात परत येते. वेगवेगळ्या संकेतांना वेगवेगळे अर्ज करता येतात, प्रत्येकाची फी आणि अनामत वेगळी. ऑनलाइन पैसे शेवटच्या दिवशी संध्याकाळी भरू नका. पावती डाउनलोड करा, अर्ज क्रमांक कुठेतरी लिहून ठेवा. सोडतीआधी स्वीकृत अर्जांची प्रारूप यादी लागते. तीत नाव, संकेत आणि प्रवर्ग तपासा, चूक असेल तर हरकत नोंदवायला थोडेच दिवस असतात.

८. नाव लागलं! आता कोणाला काय विचारायचं

निकाल एसएमएसने आणि संकेतस्थळावर येतो. नंतर म्हाडाकडून सूचना पत्र मिळतं आणि घर स्वीकारत असल्याचं मुदतीत कळवावं लागतं. हे कळवायचं राहून गेलं की घर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाकडे जातं. पेढे वाटण्याआधी हे काम करा.

यापुढे दोन दरवाजे आहेत. पात्रता, किंमत, क्षेत्रफळ, गट, विजेत्याचं नाव यांपैकी काहीही असेल तर म्हाडाचं मंडळ. करार, हप्त्यांचं वेळापत्रक, बांधकाम, ताबा, मेंटेनन्स असेल तर बिल्डर आणि गरज पडली तर महारेरा. मी सुरुवातीला पार्किंगचा प्रश्न घेऊन मंडळात आणि किमतीचा प्रश्न घेऊन बिल्डरकडे जात होतो. दोन्हीकडून एकच उत्तर मिळे : "ते तिकडे विचारा."

कर्जाची हालचाल याच आठवड्यात सुरू करा. बँकेला सूचना पत्र, बिल्डरची परवानगीपत्रं आणि कराराचा मसुदा लागतो. २० टक्क्यांतल्या घराची पद्धत ठाऊक नसलेला बँक अधिकारी 'बाजारभाव एवढा, किंमत एवढी कमी कशी?' म्हणून फाइल बाजूला ठेवतो. प्रकल्पाला आधीच मंजुरी दिलेल्या बँकेत गेलात तर हा त्रास वाचतो. उत्पन्न कमी पडलं म्हणून बँकेने माझ्या वडिलांना सहकर्जदार केलं. सहकर्जदार होणं आणि घराचा सहमालक होणं वेगळं, हे बँकेकडून कागदावर स्पष्ट करून घ्या.

केंद्राच्या पंतप्रधान आवास योजना शहरी २.०मध्ये व्याजावर अनुदान मिळू शकतं : जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असायला हवं, उत्पन्नाची वरची मर्यादा ९ लाख. इथे गंमत अशी की तिथला अत्यल्प गट ३ लाखांवर संपतो आणि म्हाडाचा ६ लाखांवर. एका फॉर्ममध्ये तुम्ही 'अत्यल्प' आणि दुसऱ्यात 'अल्प' निघालात तर घाबरू नका, दोन्ही बरोबर आहेत. मात्र या अनुदानासाठी देशात कुठेही पक्कं घर नावावर नको.

९. बिल्डरच्या ऑफिसात

आमच्या वेळी मला एक छापील कागद दिला गेला. त्यावर म्हाडाने ठरवलेली किंमत बरोबर होती आणि खाली सात ओळी होत्या : पार्किंग, क्लबहाउस, विकास शुल्क, कायदेशीर खर्च, दोन वर्षांचं आगाऊ मेंटेनन्स, वीज-पाणी जोडणी आणि 'इतर'. बेरीज जवळजवळ साडेतीन लाख. "आजच चेक दिलात तर बरं, नाहीतर मुदत जाईल," असंही वर ऐकवलं.

त्या दिवशी मी चेक दिला नाही, हे माझं नशीब. तुम्हीही हे करा.

प्रत्येक ओळीचा खुलासा लेखी मागा, ईमेलवर मागा. तोंडी मागितलं की तोंडी उत्तर मिळतं. माझ्या ईमेलनंतर 'इतर' ही ओळ कागदावरून नाहीशी झाली, कोणी काही बोललंही नाही. नंतर सोडतीची माहितीपुस्तिका उघडून बसा : किमतीत काय धरलंय, कोणते खर्च विजेत्याने वेगळे द्यायचे आहेत, ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे नसलेली ओळ दिसली तर तिची प्रत जोडून मंडळाच्या मुख्य अधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. क्लबहाउस वापरायचं नसेल तर त्याचे पैसे का, हा प्रश्न रास्त आहे. मेंटेनन्स, वीज जोडणी यांसारखे काही खर्च मात्र खरे असतात, तिथे भांडण्यात वेळ घालवू नका.

करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्याच्या कलम १३मध्ये आहे. सेल्सच्या मुलाला कलमाचा आकडा सांगितला की बऱ्याचदा विषय तिथेच मिटतो.

कराराचा मसुदा घरी आणा आणि वकिलाला दाखवा. दोन-चार हजार जातील, जाऊ द्या. स्वतःही या गोष्टी पाहा : चटई क्षेत्र (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) सूचना पत्राशी जुळतं का, ताब्याची तारीख महारेरावरच्या तारखेशी जुळते का, इमारतीची सोसायटी वेगळी की सगळ्यांची मिळून, बाग आणि आतला रस्ता वापरण्याचा हक्क स्पष्ट लिहिलाय का. शेवटच्या मुद्द्यावर खूप ठिकाणी वाद झालेत. मधे भिंत घालून २० टक्क्यांच्या इमारतीला मागचं वेगळं गेट दिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. करारात 'सामाईक सुविधा' कोणत्या ते नावानिशी लिहिलेलं असेल तर नंतर बोलायला जागा राहते.

काही अडलंच तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिची फी ५,००० रुपये आहे. त्याआधी महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि प्रकल्पाच्या परवानगीतल्या २० टक्क्यांच्या अटीची प्रत मागा. घरं किती, कोणत्या मजल्यांवर, कधीपर्यंत, ते त्यात असतं. याच मार्गाने आमच्या भागातल्या काहींनी ३,९०० चौरस मीटरचे दोन भूखंड शेजारीशेजारी कसे 'योगायोगाने' पडले तेही शोधून काढलं. ४,०००च्या आकड्याचं हे दुखणं जुनंच आहे.

१०. ताबा घेताना

ओसीची प्रत मागा. ओसीशिवाय 'फर्निचरच्या कामासाठी' दिलेली चावी म्हणजे ताबा नाही. दिवसा जा. नळ, संडासाचा फ्लश, बाल्कनीचा उतार, खिडकीच्या चौकटीतली ओल, सगळ्या बटणांना वीज येते का ते पाहा. मोबाइलने फोटो काढा आणि त्रुटींची यादी ताबा पत्रावरच लिहून सही घ्या. बांधकामातला दोष ५ वर्षांत निघाला तर बिल्डरने तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो, त्यासाठी ताबा पत्राची तारीख लागते.

ताब्यानंतर ५ वर्षं घर विकता येत नाही. मालमत्ता कर आणि वीज मीटर नावावर करून घ्या. सूचना पत्र, माहितीपुस्तिका, नोंदवलेला करार, सगळ्या पावत्या आणि ते ईमेल एका फाइलमध्ये लावून ठेवा. पाच वर्षांनी सोसायटी किंवा बँक नेमका तोच कागद मागते जो तुम्ही स्थलांतराच्या गडबडीत रद्दीत टाकलेला असतो.